रस्त्याकडेचे रिकामे पिंजरे

नमस्कार, श्रोतेहो.

पुणे-बंगळूर हमरस्ता चौपदरी व्हायच्या आधीची गोष्ट. निपाणी सोडून तवंदीचा घाट चढला की ड्रायव्हरला चहा हवा असायचा, रेडिएटरला पाणी, आणि मागच्या सीटवरच्या पोरांना काहीतरी बघायला. हॉटेलवाल्यांना हे पक्कं ठाऊक. कुणी झोपाळा टांगायचा, कुणी सिमेंटचं हरिण उभं करायचा. एखादा हातात पैसा खुळखुळणारा हौशी गडी मात्र खरंच हरिण आणून बांधायचा. मग हरणाच्या मागोमाग मोर, माकड, अस्वल, आणि कुठल्यातरी सर्कशीतून उतरवलेला म्हातारा बिबट्या. अशाच एका हौसेचे अवशेष मी अलीकडं आतबाहेर हिंडून पाहिले. ठिकाण सांगत नाही. मूळ मालक वारले, जागेवरून भाऊबंदकी पेटलीय, आणि त्यात आपण तेल ओतायला नको.

मी पशुवैद्य. उभी हयात निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या गोठ्यांत गेली. अडलेली म्हैस, बैलाची खांदेसूज, शेळ्यांचा आंत्रविषार, हेच माझं जग. त्यामुळं पडकी वास्तू बघायला गेलो तरी नजर आधी जमिनीच्या उताराकडं जाते. मूत कुठं वाहून जात होतं, पाणी कुठनं येत होतं, जनावर कुठं तोंड करून उभं राहत असणार. मोडक्या गोठ्यावरून त्याचा मालक कसा होता हे मला बऱ्यापैकी सांगता येतं. मग पिंजऱ्यावरून का येऊ नये?

फाटकाची लोखंडी कमान अजून उभी आहे. तिच्यावर मराठीत आणि कानडीत ऐसपैस अक्षरांत रंगवलंय, ‘वन्यजीव अभयारण्य’. आता अभयारण्य जाहीर करायचा अधिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सरकारला दिलाय. लॉजचं नाव ठेवावं तसं ते कुणी आपलं आपण रंगवून घ्यायचं नसतं. आतली जागा सगळी मिळून दोन-अडीच एकर. तिच्यात निम्मी घाणेरी, उरलेल्यात सुबाभूळ. ती बहुतेक हरणांच्या चाऱ्यासाठी लावली असावी. लावणारा गेला, खाणारे गेले, आणि सुबाभळीचं बी पडून पडून रान माजलं.

सोबत तिथले जुने राखणदार होते. गाव त्यांना मामा म्हणतं, मीही मामाच म्हणतो. सत्तरी केव्हाच ओलांडलीय, पण कुठल्या पिंजऱ्याला कुठलं कुलूप होतं हे अजून तोंडपाठ.

बिबट्याचा पिंजरा आधी दाखवला. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. तीन बाजूंनी भिंत, समोर गज. फरशी सिमेंटची, घोटलेली. गजांच्या लगत एक वीतभर रुंदीचा पट्टा बाकीच्या फरशीपेक्षा जास्त गुळगुळीत आहे. डोळ्यांना पटकन दिसत नाही, तळहात फिरवला की कळतो. कोपऱ्याशी तो पट्टा वळतो आणि माघारी येतो. कोंडलेलं शिकारी जनावर तासन्‌तास असं एकाच रेषेत येरझाऱ्या घालतं. ही खोड एकदा अंगात मुरली की पुढं मोकळ्या जागेत सोडलं तरी सहजासहजी जात नाही. मामांना मी तो पट्टा दाखवला, तर म्हणाले, “लोकांना फिरता बिबट्याच आवडायचा वो डॉक्टर. झोपला की खडा मारायची.”

मग मी मोरी शोधली. ती पुढं नाही, मागच्या भिंतीला आहे, अगदी जनावर झोपायचं त्या कोपऱ्यात. फरशीचा उतारही तिकडंच. म्हणजे बिबट्याचं मूत त्याच्या अंथरुणाखालून वाहायचं, कारण पुढं सोडलं असतं तर तिकीट काढून आलेल्यांच्या चपला भिजल्या असत्या. त्या सगळ्या आवारात मला जे काही बघायला मिळालं ते या एका उतारात आलं, असं मला वाटतं. गवंड्यानं काम चोख केलंय. मालकानं त्याला जे सांगितलं ते बरोब्बर केलंय.

अस्वलाची जागा म्हणजे खड्डा. पुरुष-दीड पुरुष खोल, वरून कठडा, तळाला मध्यभागी सिमेंटचं वारूळ. शोभेचं! त्या वारुळावर ओरखडे आहेत, खालून हातभर उंचीपर्यंत, एकाशेजारी एक. आपल्या जंगलातल्या अस्वलाची सगळी घडणच वाळवीसाठी झालेली. पुढच्या पायाची नखं तीन-तीन इंच लांब आणि बाकदार, वारूळ फोडायला. वरच्या जबड्यातले पुढचे मधले दोन दात नसतात, तिथल्या फटीतून ते वाळवी आत ओढून घेतं, आणि धूळ जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेतं. अशा प्राण्याला सिमेंटचं वारूळ देणं हा विनोद करायला खास मनुष्यच लागतो. मामांचं म्हणणं, ते रोज सकाळी एकदा तरी उकरून बघायचं.

हे जनावर आलं कुठनं, असं विचारल्यावर मामा म्हणाले, दरवेशाकडनं. आमच्या पिढीनं दरवेशी पाहिलाय. नाकात वेसण घातलेलं अस्वल, डमरू, आणि पोराला दृष्ट लागू नये म्हणून अस्वलाचा केस ताइतात घालून देणं. ती वेसण गाढवाच्या लगामासारखी बांधलेली नसायची, तापवलेल्या सळईनं नाक फोडून ओवलेली असायची, आणि बहुधा भूल न देता. अस्वलं नाचवणाऱ्या कलंदर समाजाच्या लोकांना पर्यायी रोजगार देत देत ही अस्वलं सोडवली गेली आणि २००९ च्या अखेरीस रस्त्यावरचं शेवटचं नाचणारं अस्वल बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याच्या बचाव केंद्रात पोचलं. दरवेशीही गरिबीनं नाडलेलाच होता, हे विसरून त्याला शिव्या घालण्यात मला रस नाही.

बिबट्या सर्कशीतला. सर्कशीचं आणि आपल्या मुलखाचं नातं जुनं. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० च्या सुमारास भारतातली पहिली सर्कस उभी केली, आणि मग म्हैसाळ, तासगाव, सांगली या पट्ट्यातनं तंबूमागून तंबू निघाले. विष्णुपंत स्वतः ग्वाल्हेरच्या हद्दू खाँसाहेबांकडं गाणं शिकलेले. पुढं हद्दू खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ विपन्नावस्थेत सापडले तेव्हा विष्णुपंतांनीच त्यांना सांभाळलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं, आणि रहिमत खाँसाहेबांची अखेर कुरुंदवाडात झाली. वाघ-सिंह आणि ग्वाल्हेरची गायकी एकाच बिऱ्हाडात! तर ते असो. पुढं १९९८ च्या अधिसूचनेनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद झाले, २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी कायम केली, आणि सर्कशीतली जनावरं बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम अशा केंद्रांत गेली. पण त्याच्याही आधी म्हातारं झालेलं जनावर पोसणं परवडेना म्हणून कुणा हौशी माणसाच्या गळ्यात घालायची पद्धत होतीच. मामांचा बिबट्या तसा आला. त्याचे सुळे घासलेले होते, असं ते सांगतात.

आता कायद्याची बाजू थोडक्यात. १९९१ साली वन्यजीव कायद्यात प्राणीसंग्रहालयांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं आणि १९९२ साली केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण आलं. मान्यता नाही तर संग्रहालय नाही, असा नियम झाला. प्राधिकरणानं पाचशेच्या वर ठिकाणं तपासली आणि त्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास ठिकाणांना मान्यता नाकारली. नुसती नाकारली नाही, मोजमापं ठरवून दिली. वाघ किंवा सिंहाच्या जोडीला मोकळी जागा किमान १००० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबानं दहा गुंठे. बिबट्याच्या जोडीला पाच. चितळांना पंधरा. हे आकडे ऐकले आणि मी पुन्हा त्या चार पावलांच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिलो. मांजर फिरवायलाही ती जागा पुरत नाही.

आणखी एक गोष्ट मी तिथं शोधत होतो आणि ती सापडली नाही. गुराला इंजेक्शन द्यायचं तर आपण त्याला खोड्यात घेतो. हिंस्र जनावरासाठीही तसा पिंजरा असतो, एक बाजू चाकानं आत सरकवत आणली की जनावर हलू शकत नाही, मग सुई टोचा, रक्त घ्या, जखम धुवा. तो असल्याशिवाय उपचार म्हणजे गजांतून काठी घालून ढोसणं. इथं तसलं काहीच नव्हतं. दुहेरी दारही नव्हतं. राखणदारानं दार उघडलं की मधे दुसरी अडसर नाही, समोर थेट बिबट्या. मामा कसे वाचले हे मामांनाही सांगता येत नाही. पगार विचारला तर हसले नुसते.

मामांच्या घरी मात्र एक ठेवा निघाला. पत्र्याच्या ट्रंकेत, लाल कापडी बांधणीची चोपडी. खाद्याचा रोजमेळ. बिबट्याला म्हशीचं मांस किती, अस्वलाला नाचणीची आंबील किती, गूळ किती, माकडांना शेंगदाणे, हरणांना कडबा आणि सरकी. सोमवारी बिबट्याच्या नावापुढं ‘लंघन’. कोंडून ठेवलेल्या मांसाहारी जनावराला आठवड्यातनं एक दिवस उपाशी ठेवायची पद्धत मोठ्या संग्रहालयांतही आहे. सोमवारच का, तर त्या दिवशी गावातला खाटीक दुकान उघडत नसे. पानं उलटत गेलं की आवक कमी कमी होते. आधी गूळ गळतो, मग सरकी, मग मांसाच्या रकान्यात ‘कोंबडीची आतडी’ येतात. कुठल्याही सरकारी तपासणी अहवालापेक्षा हा रोजमेळ मला जास्त खरा वाटला. मामांच्या अक्षरात रागलोभ काही नाही, नुसते आकडे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. असली ठिकाणं उघडली कशी, याच्यावर सगळे बोलतात. बंद कशी केली, यावर कुणी बोलत नाही. आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथंच असते. पिंजरा बांधायला एक गवंडी पुरतो. तो रिकामा करायला भूल देणारा डॉक्टर लागतो, मापाचा वाहतूक-पिंजरा लागतो, पलीकडं घ्यायला तयार असलेलं केंद्र लागतं, आणि या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी जुळून याव्या लागतात. मामांच्या इथला बिबट्या रीतसर गेला म्हणे. अस्वल त्याच्या आधीच मेलं होतं. हरणांचं मात्र जे झालं ते ऐकवत नाही. रात्री जाळी टाकली, आरडाओरडा करून कोपऱ्यात रेटली, पाय बांधले, ट्रकमध्ये घातली. काही तिथंच मान टाकून पडली, काही म्हणे वाटेत गेली.

हे का होतं ते सांगतो, कारण शेतात कुंपणाला अडकलेलं हरिण बऱ्याचदा आपल्याच लोकांना आधी दिसतं. चितळ, काळवीट ही भित्री जात. पळून दमलेल्या, घाबरलेल्या हरणाचे स्नायू अक्षरशः आतून फुटायला लागतात, त्यातलं विष रक्तात उतरतं, मूत्रपिंडं बंद पडतात, हृदय थांबतं. कधी तासाभरात, कधी चार-पाच दिवसांनी. वरून जखम एक दिसत नाही आणि लोक म्हणतात, धसक्यानं मेलं. शहाणी पद्धत वेगळी आहे. नरसाळ्याच्या आकाराचं लांबलचक कुंपण करायचं, त्याला हिरवं कापड लावायचं, आत चारा टाकून कळपाला रोज थोडं थोडं पुढं यायची सवय लावायची, आणि एका पहाटे ती आपल्या पायानं ट्रकमध्ये चढतात. हिला बोमा म्हणतात, आफ्रिकेतनं आलेली. मध्य प्रदेशात शेकडो चितळं अशी हलवलीत. हात न लावता! पण तिला आठवडे लागतात आणि आठवडे थांबायची आपल्याकडं कुणाची तयारी नसते.

हरणांची दुसरी अडचण वाढीची. दिल्लीच्या हौज खास भागातलं हरीणउद्यान साठच्या दशकात सहा हरणांवर सुरू झालं. २०२३ साली त्याची मान्यता काढून घेतली तेव्हा आत सहाशेच्या आसपास हरणं होती. मग ती राजस्थानात न्यायची की नाही यावरनं कोर्टकचेऱ्या. आणि मान्यता असलेल्या ठिकाणीही निश्चिंत राहता येत नाही. आपल्या बेळगावजवळच्या भूतरामनहट्टीत, राणी चन्नम्मा प्राणीसंग्रहालयात, २०२५ च्या नोव्हेंबरात चार-पाच दिवसांत ३१ काळवीट मेले. तपासणीत घटसर्प निघाला. घटसर्प म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही म्हशींना ज्याची लस टोचत आलो तोच. आजूबाजूच्या वाड्यांतली सगळी जनावरं लसवलेली असणं ही संग्रहालयाचीसुद्धा पहिली भिंत असते. दावणीच्या म्हशीला लस टोचताना कुरकुरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

अमेरिकेत हमरस्त्याकडेची असली संग्रहालयं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. तिथल्या ओहायो राज्यात, झेन्सव्हिल गावाजवळ, ऑक्टोबर २०११ मध्ये एका खासगी मालकानं बहुतेक पिंजरे उघडले आणि स्वतःला गोळी घातली. अंधार पडत आलेला, जवळ वस्ती, शाळा. पोलिसांपुढं पर्याय उरला नाही. एका रात्रीत मारल्या गेलेल्यांत १८ वाघ आणि १७ सिंह होते. तिथं खासगी वाघ-सिंह पाळण्यावर देशपातळीवर कडक बंधन यायला २०२२ चा डिसेंबर उजाडला. आपला कायदा त्याच्या कितीतरी आधीचा आहे, एवढं समाधान आपण करून घ्यायला हरकत नाही.

खऱ्या अभयारण्याची गोष्ट वेगळ्या वळणाची. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, १९० चौरस किलोमीटरचं. तिथं तिकीट काढून बघण्यासारखा पिंजरा एकही नाही. तिथला सगळ्यात दुर्मिळ प्राणी म्हणजे बारापेडे गुहांतलं एक वटवाघूळ. १९१३ साली त्याची शास्त्रात नोंद झाली आणि पुढं जवळजवळ नव्वद वर्षं जगात ते फक्त इथंच माहीत होतं, मग कंबोडियात आणि मेघालयात सापडलं. त्या गुहांच्या वाटेवरची तळेवाडी. लाळ्या-खुरकुताची लस घेऊन मी त्या वाड्यांनी हिंडलोय, चिखलात जीप ढकललीय. २०२५ च्या मे महिन्यात तळेवाडीच्या २७ कुटुंबांच्या स्थलांतराला सुरुवात झाली. कुटुंबाला १५ लाख, हप्त्यांनी. उरलेल्या गावांत एकमत नाही. कुणाला पैसे घेऊन बाहेर पडायचंय, कुणाला पूल आणि रस्ता दिला तर देवळासकट तिथंच राहायचंय, आणि दोघांचंही म्हणणं ऐकलं की खोटं वाटत नाही. पैसे पुरेसे आहेत का, हा वाद घालायला जागा आहे. पण निदान यादी झाली, हप्ते ठरले, बाहेर पडणाऱ्याला विचारलं गेलं. रस्त्याकडेचे पिंजरे रिकामे झाले तेव्हा यादी फक्त मामांच्या चोपडीत होती.

तुमच्या गावाशेजारी असली पडकी जागा असेल आणि बघायला जावंसं वाटलं, तर चार गोष्टी सांगून ठेवतो. मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नका. घाणेरीच्या जाळीत बिनकठड्याची विहीर असते, तेव्हा काठीनं चाचपत चला. रात्रकोठडीच्या अंधारात एकदम शिरू नका. मामांच्या इथल्या कोठडीत आता वटवाघळं आहेत आणि खाली सांदीत नागाची कात होती. बिबट्याच्या पिंजऱ्यात पिंगळ्याचं जोडपं राहतं. त्यांना कुणी आणलेलं नाही.

कुठं हरणाचं गळलेलं शिंग, साळिंदराचा काटा, नख, दात दिसला तर उचलून घरी आणू नका. दिवाणखान्यात शोभतं खरं, पण कायद्यानं तो गुन्हा आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात कर्नाटकात वाघनखाच्या लॉकेटावरून अटक झाली आणि मग भल्याभल्यांच्या गळ्यातली लॉकेटं अचानक दिसेनाशी झाली, ते तुम्ही वाचलं असेल. असं काही दिसलं तर वनखात्याच्या माणसाला दाखवा. जुने रोजमेळ, पावत्या, फोटो असले तर रद्दीत घालू नका. मामांच्या चोपडीची पानं मी मोबाइलवर टिपून घेतलीत, मूळ चोपडी त्यांच्याच ट्रंकेत आहे.

आणि शेवटचं माझ्या धंद्यातलं. दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंत अशा झाडोऱ्यात बारीक गोचीड फार. दोडामार्ग, सत्तरी भागात गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले तेव्हापासून ही गंमत राहिलेली नाही. पूर्ण विजार घाला, ती मोज्यांत खोचा, पालापाचोळ्यावर बसू नका. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य खात्याला कळवा. घरी आलात की कपडे गरम पाण्यात टाका आणि अंग तपासा, काखा आणि गुडघ्याच्या मागं विशेष. गोचीड चिकटलेला दिसला तर रॉकेल लावू नका, चिरडू नका, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, आणि पुढच्या आठवड्यात ताप आला तर डॉक्टरांना आपण रानात गेलो होतो हे आवर्जून सांगा. नमस्कार.